हुबेहूब

"उचलली," पलीकडच्या खाटेवरून महाराणी म्हणाली.

"काही उचलली नाहीस," आत्याने मानही वळवली नाही. "तासाभरात माणूस उचलता येतं होय?"

भाची लेकीचं लाळेरं बदलत होती. दहा महिन्यांच्या लेकीला तिने वृद्धाश्रमात आज पहिल्यांदाच आणलं होतं. आल्यापासून तिने खिडकीची कडी तपासली होती, औषधाच्या बाटल्या वरच्या फळीवर सरकवल्या होत्या. महाराणी तिच्याकडे एकटक बघत होती.

दोघी म्हाताऱ्या एकेकाळच्या नट्या. एक राण्या करायची म्हणून महाराणी. आत्याच्या वाट्याला मैत्रिणी आणि मोलकरणी. माणूस उचलायचं, म्हणजे त्याचा आवाज, चाल, श्वाससुद्धा अंगात घ्यायचा, हा त्यांचा रोजचा खेळ. नर्स, डॉक्टर, फरशी पुसणारी, सगळी उचलून झाली होती. सरस कोण, ते मात्र ठरत नव्हतं.

"आज ठरेल," महाराणीने लेकीकडे बोट केलं. "आई उचलायची. परीक्षक ही."

"काहीतरीच तुमचं!" भाची हसली.

"जा गं, बाटली धुऊन आण," आत्या म्हणाली. "मी नुसत्या दार उघडायच्या भूमिका केल्या म्हणून काय झालं? या महाराणीला दाखवतेच आज. आणि आम्ही काही खात नाही तुझ्या पोरीला."

गरम पाण्याचा नळ कॉरिडॉरच्या टोकाला होता. भाचीने बाटली दोनदा विसळली, मग तिसऱ्यांदा. मागून रडं आलं. पाठोपाठ आत्याचा आवाज, थेट भाचीच्या लकबीत: "कोण रडतंय? माझी चिमणी रडतेय?" लेक क्षणभर थांबली आणि मग तिने टाहोच फोडला. भाचीला बरं वाटलं.

मग दुसरा आवाज आला.

"आहे ना मी. कुठ्ठे नाही गेले. आहे ना."

रडं थांबलं.

आवाज भाचीचा होता. थकलेला, शेवटच्या शब्दाला जरासा चिरकणारा. पण हे शब्द ती इथे बोललीच नव्हती. घरीसुद्धा मोठ्याने कधी नाही. लेक झोपली की तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणायची, शेजारी नवऱ्यालाही ऐकू जाणार नाही असं.

ती नळ तसाच सोडून धावली.

महाराणी खाटेच्या कडेला बसली होती. डावा खांदा किंचित वर, पिशवी अडकवून अडकवून भाचीचा झाला होता तसा. लेक तिच्या मानेत तोंड घालून, तिच्या कानाची पाळी चिमटीत धरून शांत पडली होती. दूध पिताना आईचा कान धरायची, अगदी तशी.

आत्या टाळ्या वाजवत होती. चाळीस वर्षांत या बाईसाठी तिने एकदाही टाळी वाजवली नव्हती. "मानलं बाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मानलं."

"द्या तिला इकडे."

महाराणीने जराही आढेवेढे घेतले नाहीत. लेकीला तिने लगेच पुढे केलं. लेकीने वळून भाचीकडे पाहिलं, दुकानाच्या रांगेतल्या परक्या बाईकडे पाहावं तसं, आणि पुन्हा त्या सुरकुतलेल्या मानेत तोंड लपवलं.

"आहे ना मी," भाची म्हणाली. "कुठ्ठे नाही गेले." आवाज नको तेवढा वर गेला. लेक किंचाळली.

आत्याने हात वर केला, तालमीत नवख्या मुलीला थांबवावं तसा.

"घाई करू नकोस," ती मायेने म्हणाली. "आधी महाराणीचं नीट ऐक. मग म्हण."