कागदाची पट्टी

"हवा डोळ्यांना दिसत नाही, पण ती आहे की नाही हे कागद सांगतो," असं म्हणत मी कागदाची पट्टी ओठांखाली धरली आणि तिच्यावरून जोरात फुंकर मारली. खाली लोंबणारी पट्टी अलगद वर उचलली गेली. वर्ग आ वासून बघत राहिला. "एवढ्या मोठ्या विमानालाही हवाच उचलते. आता हा प्रयोग घरच्या मोठ्यांकडून करून घ्या."

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता कल्ला. कुणाच्या बाबांची थुंकी उडाली होती, तर कुणाच्या आजीची कवळी. एरवी एका जागी न टिकणारी आमची भिंगरी मात्र गाल फुगवून बसली होती.

"काय गं, आजोबांना जमलं नाही का?"

"काल संध्याकाळी जमलं की! पट्टी पार नाकाला लागली त्यांच्या. सकाळी मला परत बघायचं होतं, तर ते उठेचनात. मग मी तशीच त्यांच्या नाकाखाली धरली." तिने दप्तरातून चुरगळलेली पट्टी काढली. "जरासुद्धा हलली नाही. खोटा आहे बाई तुमचा प्रयोग."

मुलं खो खो हसली. मी तिच्या बाकाशी जाऊन खाली बसले.

"आत्ता घरी कोण आहे, बाळा?"

"आजोबाच. आम्ही दोघंच तर असतो. मी दार नुसतं लोटून आलेय. उठले की मला न्यायला येतील ना ते!"