वरच्या मजल्याचं वाय-फाय

"लाल! लाल म्हणतोय ना! हिरवा नाही, पिवळा नाही, लाल!"

धाकटा उंबरठ्यावर उभा राहून मोबाइलमध्ये ओरडत होता. त्या घरात रेंज उंबरठ्यापर्यंतच यायची, तीही बोलण्यापुरती. चार पावलं आत गेलं की पलीकडचा माणूस पाण्यात बुडून बोलतोय असं वाटायचं. पलीकडे इंटरनेट कंपनीतली मुलगी होती. तिचा आवाज इतका गोड की याच्या अंगाचा आणखीच तिळपापड होत होता.

"ठीक आहे सर. आता लॅपटॉपवर तुमचं नेटवर्क निवडा आणि ‘विसरा’ असं दाबा. मग आपण पुन्हा जोडू."

"अगं बाई, अकरा वाजता मला बसायचंय. अकरा म्हणजे अकरा!"

भिंतीवरच्या घड्याळात अकराला बारा मिनिटं कमी होती. आणि ते घड्याळ चुकणं शक्यच नव्हतं, कारण ते थोरल्याच्या हातचं होतं. वर राहणारा थोरला घड्याळजी, खाली राहणारा धाकटा पुस्तकांचा बाइंडर. गेली दोन वर्षं दोघा भावांत विस्तव जात नव्हता. जिना वरच्याचा की दोघांचा, एवढ्यावरून सुरू झालं. मग थोरल्याने जिन्याच्या जाळीचं कुलूप बदललं, विजेचा मीटर वेगळा केला. आज तडजोडीची शेवटची बैठक होती, लॅपटॉपवरून. हजर राहिला नाहीत तर प्रकरण कोर्टात जाईल, असं वकिलाने बजावलं होतं. कोर्टात गेलं की निकाल ऐकायला दोघांपैकी कोण उरेल, देव जाणे. धाकट्याला कोर्ट नको होतं. त्याला एकदा तोंडावर बोलून टाकायचं होतं, बस्स.

"विसरलं," आतून बायको म्हणाली. लॅपटॉप तिच्या मांडीवर होता.

"विसरलं म्हणतेय ती. पुढे?"

"पुढे काही नाही सर. राउटरवर लाल दिवा म्हणजे बाहेरची वायर तुटली असणार. चारपर्यंत आमचा माणूस येईल."

"मग हे आधी सांगता येत नव्हतं?"

"सगळं क्रमाने करावं लागतं सर. आणखी काही मदत करू शकते?"

धाकट्याने फोन खुर्चीवर फेकला. दारापासून ओट्यापर्यंत गेला, ओट्यापासून दारापर्यंत आला. शेजारच्या दाराला कुलूप होतं. गल्लीत वायर लोंबकळताना दिसत होती, पण ती दिसून काय उपयोग? त्याने पुन्हा ओटा गाठला.

"अहो, लागलं."

"काय लागलं?"

"नेट."

तो वाकून बघायला लागला. पडद्याच्या कोपऱ्यात एकच पट्टा उजळला होता आणि शेजारी नाव होतं: घड्याळवाले. एके काळी वर-खाली मिळून एकच नेट होतं, तेव्हाचं. या लॅपटॉपवर पासवर्ड टाकला होता तोही थोरल्यानेच. खालचं नेटवर्क विसरायला लावल्यावर लॅपटॉप सरळ आपल्या जुन्या ओळखीकडे गेला होता.

"पासवर्ड बदलला नाही भाऊजींनी," बायको हळूच म्हणाली.

"विसरला असेल."

"कुलूप नाही विसरले ते. मीटर नाही विसरले."

ज्याच्या टेबलावरचा एक स्क्रू उभ्या आयुष्यात इकडचा तिकडे झाला नाही, तो माणूस विसरेल?

"बंद कर ते. त्याच्याच नेटवर बसून त्याच्याविरुद्ध बोलू?"

"मग चार वाजता त्या वायरवाल्यासमोर बोला," असं म्हणून तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला आणि उठून गेली.

अकराला एक मिनिट कमी होतं. धाकटा परक्याच्या घरात शिरल्यासारखा अंग चोरून बसला.

पडद्यावर मध्यस्थ मॅडम आल्या. दुसऱ्या चौकटीत थोरला आला, मागे भिंतभर घड्याळं. तो खोकला. खोकला आधी छतातून ऐकू आला, मग लॅपटॉपमधून.

"धाकट्यांनी आधी मांडावं," मॅडम म्हणाल्या.

धाकट्याने तक्रार उघडली. बाइंडरच तो, दोन पानांच्या कागदालाही पुठ्ठा घातला होता. "माझ्या थोरल्या भावाने माझ्या सगळ्या वाटा..."

चित्र थिजलं.

"तुमचा आवाज तुटतोय. पुन्हा सांगता का?"

"माझ्या थोरल्या भावाने..." तो मोठ्याने म्हणाला. पुन्हा थिजलं. दोन वर्षं गिळलेलं बोलणं ओठावर आलं होतं आणि ते पहिल्या ओळीपुढे सरकत नव्हतं.

दुसऱ्या चौकटीत थोरल्याने चष्मा काढून ठेवला. उठला आणि चौकटीबाहेर गेला. मागे नुसती घड्याळं राहिली.

"हे कुठे निघाले?" मॅडमनी विचारलं.

वर खुर्ची सरकली. मग पावलं वाजली. धाकटा मान वर करून ती ऐकत राहिला. पावलं पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आली आणि बरोबर त्याच्या डोक्यावर थांबली. फरशीवरून वायर ओढल्याचा आवाज झाला. काहीतरी खाली, अगदी जमिनीला टेकवून ठेवलं गेलं.

पडद्याच्या कोपऱ्यात दुसरा पट्टा उजळला. मग तिसरा, मग सगळे.

पावलं परत गेली. थोरला खुर्चीत बसला. त्याला थोडी धाप लागली होती. त्याने चष्मा लावला आणि पहिल्यांदा सरळ समोर पाहिलं.

"हं, आता वाच," तो म्हणाला. "येईल ऐकू."