आपल्याकडची गाय

गोदाची जीभ पुन्हा बाहेर लोंबली, तसे दत्तात्रेय बादली उचलून उठले. आत्ता कुठे टेकले होते. त्यांनी तिच्या पाठीवर पाणी ओतलं, ओली पोती बदलली, वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडलं. परत येऊन बसतात न बसतात तोच तिची धाप पुन्हा ऐकू आली.

गोदा डांगी जातीची. मुलगा सुबोध नाशिकला, त्याची सासुरवाडी इगतपुरीकडची. तिथूनच ती थंडीत ट्रकने झाशीला आली होती. दत्तात्रेयांचे पूर्वज पेशवाईत कारभारासाठी इथे आले आणि इथलेच झाले. पण दत्तात्रेय ‘आपल्याकडे’ म्हणाले की तो महाराष्ट्रच समजायचा. दतिया गेटच्या गल्लीत गाई-म्हशींना तोटा नव्हता. त्यांना मात्र दारात आपल्याकडचीच गाय हवी होती. आपल्या माणसांत तिला परकं काय वाटायचंय, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर स्वतःही आपल्याकडेच जाऊन राहायचं, हे तर त्यांनी केव्हाच ठरवलेलं. यंदा ते निवृत्त झाले आणि सुबोधने त्यांच्यासाठी खोलीही तयार ठेवली होती.

डांगी ही पावसाची जात. तिच्या कातडीला तेल सुटतं, मुसळधार पाऊस अंगावर ठरत नाही, हे त्यांनी साऱ्या गल्लीला कौतुकाने ऐकवलं होतं. आता ज्येष्ठातली लू, इथला तापला वारा, भाजून काढत होती आणि त्या तेलाचा काडीचा उपयोग नव्हता. गोदाचं दूध आटलं. रवंथ थांबला. समोर शेजारच्या नीरजची, इथल्याच केनकथा जातीची गाय कडुनिंबाच्या विरळ सावलीत डोळे मिटून खुशाल रवंथ करत बसली होती. दत्तात्रेयांना त्या बिचारीचा रागच आला.

दुपारी गुरांचे डॉक्टर सुभाषचंद्र आले. त्यांनी गोदाला तपासलं, तिच्या श्वासाकडे बराच वेळ पाहिलं. दत्तात्रेय कूलर लावू म्हणाले, पंखा लावू म्हणाले, माणिक चौकातून रोज बर्फ आणू म्हणाले. डॉक्टर मान हलवत राहिले.

“पंडितजी, बीमारी कुछ नहीं है,” शेवटी ते म्हणाले. “बस, यहाँ की नहीं है. इसे घर भेज दीजिए, नहीं तो बचेगी नहीं.”

 दत्तात्रेयांनी सुबोधला फोन लावला. सुबोध म्हणाला, आजच पाठवा. आणि बाबा, तुम्हीही त्याच गाडीने या, आई घर आवरून मागाहून येईल.

ऊन कललं तेव्हा ट्रक आला. झळा अजून तशाच होत्या. ड्रायव्हरने तोंडाला गमछा गुंडाळला होता, दत्तात्रेयांच्या पत्नी दुर्गाबाई पदर नाकाशी धरून उभ्या होत्या. दत्तात्रेयांनी उघड्या डोक्याने गोदाला फळीवरून वर चढवलं, ओली पोती पांघरली, पाण्याचं पिंप जवळ ठेवलं. तिच्या गळ्यावरून हात फिरवताना ते रडले. मग खाली उतरले. तिच्याजवळ बसायला ड्रायव्हरचा भाऊ होता.

दुर्गाबाईंनी त्यांची भरलेली बॅग पुढे केली. “अहो, चढा ना. गाडी खोळंबलीय.”

दत्तात्रेयांनी ट्रकची फळी लावून घेतली.

“मी कशाला?” ते म्हणाले. “मला कुठे धाप लागलीय?”