ट्रकचा खोकला

आमच्या डेपोतले डिझेल ट्रक गेले, बॅटरीवरचे आले, आणि सगळ्यात मोठं भलं झालं ते मामांचं. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. ट्रक मागे असा लावतात की रंगवलेल्या पट्ट्यांनाच आपण वाकड्या आहोत असं वाटावं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकला गेला नाही तर गाडी सोडा.

नवा ट्रक आला आणि आठवड्यात खोकला गायब! धूर नाही, धडधड नाही. डेपोच्या भिंतीसुद्धा पांढऱ्या राहायला लागल्या. खरंच, भारी गाड्या आहेत.

फक्त मामांचा ट्रक खोकायला लागला.

दोनदा आखूड, एकदा लांब, मग घसा खाकरणं. हुबेहूब मामा. मी मेकॅनिक, म्हणून झाकण उघडून बघितलं. आत खोकण्यासारखं काहीच नव्हतं.

"तुमची लागण झाली याला," मी म्हणालो.

"मग गोळी दे की लेका त्याला!" म्हणत मामा खदाखदा हसायला लागले.

काम सुरू करण्याआधी ट्रकचा मेन स्विच बंद करायचा, ही आमची पद्धत. मी केला. खोकला थांबला.

हसणंही थांबलं.

मामा तोंड उघडं ठेवून उभे होते. पापणी हलत नव्हती. छातीही.

मी घाईघाईने स्विच चालू केला. ट्रक खोकला, आणि मामांचं हसणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

"काय रे, तोंड का पडलं तुझं?" त्यांनी विचारलं.

ट्रकच्या स्क्रीनवर बॅटरीचा आकडा लाल झाला होता. मी चार्जरची वायर शोधत होतो.