टाकीची हवा

घाटात जुनी मोटार पुन्हा बंद पडली, तेव्हा याकूबमिस्त्रींनी दोनदा चावी फिरवून पाहिली. तिच्यात नवं इंजिन त्यांनीच बसवलं होतं. आठवडाभर सगळं तपासूनही दर वीस किलोमीटरला हेच चाललं होतं.

शेजारी मोटारीच्या मालकीण कुमुदताई होत्या. "मिस्त्री, संध्याकाळी लेकीची वरात याच गाडीतून काढायचीय. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

मिस्त्रींना बसवेना. उतरून त्यांनी बॉनेट उघडलं, मिटलं, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पेट्रोल संपलं की काय, म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर सूंऽऽ करत हवा आत ओढली गेली.

ते जागीच थांबले. पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत हवा शिरली नाही, तर पेट्रोल इंजिनपर्यंत पोचत नाही; म्हणून जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक होतं. पेट्रोलचा वास येतो म्हणून त्यांनीच हे घट्ट झाकण लावलं होतं आणि टाकीला हवेची नळी द्यायला विसरले होते.

"ताई, इंजिन ठीक आहे. चूक माझी आहे." चाळीस वर्षांत गिऱ्हाइकापुढे ते असं कधी बोलले नव्हते.

कुमुदताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "नळी दुपारपर्यंत बसेल ना? मग वरातीला गाडी तुम्हीच चालवा."