बिनआवाजाची गाडी

सांगली-मिरज रस्त्यावरच्या खाजगी मालकाच्या खडखडणाऱ्या गाड्या गेल्या आणि एसटीच्या कोऱ्या गाड्या आल्या. दर बाजाराला मिरजेला जाणारे जोतीराम आणि त्यांची बायको बनाबाई पहिल्यांदाच नव्या गाडीत बसले. आत इतकं शांत, की बनाबाई हळू बोलली तरी जोतीरामांना शब्द न् शब्द ऐकू आला.

“माझी आई मिरजेच्या थांब्यावर ट्रंक घिऊन उबी आसंल. आता ती कायमची आपल्याकडं.”

“आँ? हे कवा ठरलं?”

“दर बाजाराला जुन्या गाडीत इचारत हुते की! तुमी दर येळी ‘व्हय, व्हय’ म्हनायचा.”

“अगं, त्या खडखडाटात मला काय बी ऐकू यायचं न्हाई!”



“ठावं हाय,” बनाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “म्हनून तर घरात कवा इचारलं न्हाई.”