डब्यातला गोटा

दिवस उगवताच गुणाबाईने नेहमीप्रमाणे खुराड्याची फळी सरकवली, कोंबड्यांना कण्या टाकल्या आणि झाडलोट उरकून परसात आडव्या ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यात हात घातला. डब्यात भाताचा पेंढा होता आणि पेंढ्यावर नदीतला, अंड्याएवढा पांढरा गोटा. एक अंडे दिसले की कोंबडी तिथेच दुसरे घालते, म्हणून तिने तो ठेवला होता. खोकल्याने खंगलेल्या नवऱ्याला, भरमूला, डॉक्टरांनी रोज एक अंडे सांगितले होते. आणि कोंबड्या मात्र शेजारच्या नागुबाईच्या कुंपणात जाऊन घालत.

आजही अंडे नव्हते. गोटा मात्र ऊन लागला.

"नागुआक्का, चुलीत शेकून ठेवतीस व्हय गं ह्यो गोटा?" तिने कुंपणावरून विचारले.

"मला काय दुसरा धंदा न्हाय?" नागुबाई हसली. "कोंबडी बसली आसंल की त्येच्यावर."

पण कोंबड्या डब्यापासून लांब, भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कण्यांनाही त्यांनी चोच लावली नव्हती.

संध्याकाळी गुणाबाईने डब्याच्या तोंडाला जड पाटा टेकवला. सकाळी पाटा जागचा हलला नव्हता. गोटा कालच्याहून ऊन होता. तिने तो कानाशी नेला.

आतून कुणीतरी टोचत होते.

"आज तरी हाय का गं अंडं?" सोप्यातून भरमूने खोकत विचारले.

गुणाबाईने गोटा पदराने पुसला.

"हाय," ती म्हणाली.

तिने चुलीवर पाणी ठेवले, ते खळखळून उकळू दिले, आणि हातातले अंडे अलगद आत सोडले.